पाण्यातलं आभाळ

संस्थेच्या सेक्रेटरींनी पेनड्राइव्ह काचेवर ठेवला,
म्हणाले, सगळं बरं आहे, फक्त आभाळ मेलंय.
पंचवीस वर्षं झाली सोसायटीला, कॅलेंडर काढतोय.
काहीतरी कर.

दारव्ह्यात, बसस्टँडच्या मागे, माझा हाच धंदा:
पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, लॅमिनेशन
आणि मेलेली आभाळं.

फोटो कुणा पोरानं मोबाइलवर काढलेला.
गावाबाहेरचा तलाव, कार्तिकातली सकाळ,
दोन डोंगे, सात माणसं, मधोमध एकानं
लेकरासारखा छातीशी धरलेला कटला.
वर मात्र काहीच नाही.
राखेनं घासून पालथ्या घातलेल्या
जर्मनच्या पातेल्याचं बूड.

माझ्याकडे एक फोल्डर आहे, एकशे बारा आभाळांचं.
त्यातलं एकेचाळीस नंबरचं सगळ्यांना आवडतं:
गर्द निळं, उजवीकडे सशाच्या कानासारखा ढग.
तो ढग दिग्रसच्या एका स्वागत समारंभावर आहे,
कोपऱ्यावरच्या उमेदवाराच्या फ्लेक्सवर आहे,
आर्णीच्या कृषी केंद्राच्या पाटीवर आहे,
आणि मनकर्णाबाई ढोबळे तेरवीच्या पत्रिकेत
त्याच्याच खाली हसतात.

एक क्लिक. सॉफ्टवेअर स्वतःच ओळखतं
जमीन कुठं संपते.
बाभळीपाशी मात्र अडतं.
तिच्या बारीक पानांतून जुनं आभाळ निघता निघत नाही,
पांढरी किनार राहते,
परात धुतल्यावर काठाला राहिलेल्या पिठासारखी.
ब्रश दोन पिक्सेलचा केला, काडी काडी पुसत बसलो.
दुपारी जेवायला घरी गेलो नाही.

संध्याकाळी झिंगराजी सुरजुसे आले प्रूफ बघायला.
कटला धरलेला माणूस हाच.
चष्मा आणला नव्हता, स्क्रीनला नाक लावून पाहिलं.
मी थांबलो, वा म्हणतील म्हणून.

"अन् पान्यातलं?"

तेव्हा दिसलं. वर माझं एकेचाळीस नंबर,
खाली तलावात ते कार्तिकातलं, जसंच्या तसं,
डोंग्याला टेकून पडलेलं.

करतो, म्हटलं, उलटं करून लावतो, जरा हलवतो,
दहा मिनिटांचं काम.

"कराले तं करशीन," ते म्हणाले,
"पन अशा चकचकीत आभायात जायं कोन टाकते, बापा?
मासा सावली पायते, बुडाशी जाऊन बसते.
तवा तीन दिवसाचं ढगाळ होतं. हवा बंद.
मासे तोंड वर करू करू पान्यावर येत होते,
म्हनून हा घावला. चौदा किलो भरला.
हे कॅलेंडर भोयाच्या घरात लागनार हाय.
लोक मले येडा म्हनतीन."

सेक्रेटरींना फोन लावला.
ते म्हणाले, निळंच ठेव.

निळंच छापलं. अडीचशे प्रती.
पाण्यातलंही बदललं.

पण त्या रात्री शटर अर्धं ओढून
मूळ फोटो परत उघडला. बाहेरचं काही लावलं नाही.
त्याचाच उजेड थोडा खाली ओढला,
धूसरपणा अठरा टक्के काढला,
आणि त्या पातेल्याच्या बुडात
नांगरटीसारखे पट्टे उमटायला लागले,
एकाला एक लागून, दिग्रसच्या बाजूला झुकत गेलेले.
डाव्या कोपऱ्यात पाणकावळ्यांची ओळ, सहा की सात.
आणि सूर्य जिथं असायला हवा होता तिथं
एक पिवळसर डाग,
हळदीचं बोट चुकून लागावं तसा.
अठराच्या पुढे नेलं की दाणे फुटतात.
थांबलो.

झिंगराजींनी त्याची चार बाय सहाची एक प्रिंट नेली,
लॅमिनेशनसकट चाळीस रुपये, सुटे मोजून दिले.

ते आभाळ मी कापून फोल्डरमध्ये ठेवलंय,
एकशे तेरा नंबरला.
गिऱ्हाइकांना दाखवतो.
अजून कुणी घेतलेलं नाही.