सुटं टोक

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
तीन दिवस मी पाच स्विच बसवत होते.
एप्रिल. बाहेर चव्वेचाळीस, पॅनलच्या आत त्याहून वर,
म्हणून बिनपंख्याचे आणले.
पंखा असता तर हवेबरोबर तूसही ओढलं असतं
आणि आठवड्यात त्याच्या नाकात कापसाचा बोळा.

स्विच रुळावर खट्‌कन बसतो.
चोवीस व्होल्टच्या दोन वाटा, एक थकली तर दुसरी.
मग केबलची टोकं:
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा...
नरसय्या यमूल जॉबर स्टुलावरून बघत होता.
"आठच धागे?"
आठच.
"आमच्या एका बीमला तीन हजार, म्याडम."

पत्ते वाटले. चौदा नंबरच्या मागाला शेवटी चौदा,
रंगखात्याला शंभराच्या पुढचे,
म्हणजे रात्री दोनला फोन आला
तर झोपेतही कळावं, कोण आजारी आहे.
वहीत लिहिले. पॅनलच्या दारावर आतूनही लिहिले,
कारण वह्या हरवतात.

पाचव्या स्विचकडून पहिल्याकडे परतणारी एक केबल
मी मुद्दाम लोंबती ठेवली होती.
कड्याचं सेटिंग व्हायचं होतं अजून.
आणि जेवायला गेले:
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर पाण्याची बाटली.

आले तर सगळ्या स्विचचे सगळे दिवे
एकदम फडफडत होते,
जाळीत अडकलेल्या चिमण्यांसारखे.

कुणीतरी विचारलं होतं, चौदा नंबर कोण?
एवढंच.
तो प्रश्न गोल फिरून आला,
परत निघाला, दुप्पट झाला, चौपट झाला,
चौदा नंबर मी, मी म्हणत राहिला
आणि वाटेत त्या उत्तराला
पाय ठेवायला जागा नव्हती.
रंगखात्याचा पीएलसी गोंधळून थांबला.
दोनशे किलो सूत अर्ध्या निळ्यात अडकलं.
शेठ फोनवर. फोन कानापासून लांब धरला तरी शेठ फोनवर.

सिद्राम हेल्पर पुढं आला. एकोणीस वर्षांचा.
"टोक सुटं दिसलं म्याडम. समोर भोकही मोकळं होतं."

त्याला काय बोलणार?
त्याचा बाप मागावर होता, आई विडीला दोरा गुंडाळते.
या गावात सुटं टोक दिसलं
की डोक्याला विचारायच्या आत बोटं गाठ मारून मोकळी होतात.
मी केबल उपटली.
दिवे एकेक करून माणसात आले.

संध्याकाळी पाचही जणांना कडं समजावलं.
एकाला मुखिया नेमला.
एका दाराला सांगितलं, तू जोडलेला राहा,
पण पुढं काही जाऊ देऊ नको.
त्याचा दिवा नारिंगी झाला.
"सिद्राम, लाव आता तुझं टोक."
तो हात पाठीमागं धरून उभा.
शेवटी नरसय्यानंच लावलं.
काही झालं नाही. तेच बघायचं होतं.

"आता मधली एखादी उपटा," मी म्हटलं.
"माग चालू असताना?"
चालू असताना.
"चालत्या मागाचा धागा मी आजवर हातानं तोडला नाही,"
असं म्हणत, दुसरीकडं बघत, त्यानं उपटली.

पडद्यावर चौदा नंबर मोजत होता,
सोळाशे चार, सोळाशे पाच,
जणू त्याच्या कानावर काही आलंच नाही.
पलीकडं नारिंगी दिवा हिरवा झालेला.

नरसय्या गुडघ्यावर हात ठेवून वाकला, बराच वेळ बघत राहिला.
"हे एवढा वेळ बसूनच होतं?"
ऐकत होतं.
"हां. शेठला सांगा तेवढं. रोज विचारतो मला,
स्टुलावर बसून करतोस काय."

सिद्रामनं कुणी न सांगता
उरलेल्या भोकांना रबरी बुचं लावली.
एक कमी पडलं.
तिथं त्यानं सुताचा बोळा कोंबला, नीट, अंगठ्यानं दाबून.
मी बघितलं.
काढला नाही.