सोळावा मजूर

सोलमध्ये चौथ्या मजल्यावर आमची खोली,
खाली ड्रायक्लीनिंगचं दुकान.
वाफ जिन्याने वर यायची,
म्हणून आमच्या सगळ्या लढायांना
इस्त्रीच्या कपड्यांचा वास.

दोयुल मिनिटाला तीनशे वीस हुकूम द्यायचा.
मी दोनशे चाळीस.
म्हणून तो मंचावर
आणि मी त्याचा सरावाचा गनीम:
दिवसाला बारा डाव हरायचे, दर वेळी नव्या रीतीने.
त्याचा पगार होता. थोडा, पण जेवण धरून.

प्यो सर खुर्चीमागे उभे.
"लढाई बघू नका.
लढाई बघायला लोक येतात, तिकीट काढून.
तुम्ही घर बघा.
खाणीवर किती हात आहेत?
भट्टी रिकामी का?
तो सोळावा मजूर नुसता उभा आहे,
कोणाची वाट बघतोय?"

तोफा धडाडत असताना
नजर उचलून न्यायची पिछाडीला,
अर्धा सेकंद,
दोन बुणगे कामाला जुंपायचे,
एक कोठार बांधायला टाकायचं
आणि परत आल्यावर
कोण पडलं ते मोजायचं नाही.
हे जमलं की खेळाडू.
नाही जमलं की माझ्यासारखा.

उपांत्य फेरी, योंगसान.
दोयुलचा एक शिपाई, लाल झालेला,
जीव म्हणजे एक काडी उरलेली.
दोयुलने त्याला मागे घेतलं.
गनीम मागे लागला. पुन्हा मागे घेतलं.
डावीकडे, दगडाआड, पुन्हा डावीकडे.
सगळं सभागृह उभं राहून ओरडत होतं.
चार सेकंद.
आणि त्या चार सेकंदांत
घराला कोणी विचारलंच नाही.

शिपाई वाचला.
डाव गेला.

परतीच्या गाडीत प्यो सरांनी संत्रं सोललं,
सालीची एक लांब पट्टी काढली,
मग म्हणाले, "खजिन्यात दोन हजार पडून होते."
दोयुल खिडकीकडे तोंड करून,
"तो माझ्याकडे बघत होता, सर."
"त्याला डोकं म्हणून चार ठिपके आहेत."
"हो. चारही बघत होते."
पुढे कोणी बोललं नाही.
संत्रं मात्र सगळ्यांना वाटलं गेलं.

जानेवारीत त्याला खरंच फौजेत जावं लागलं,
तिथल्या प्रत्येक पोरासारखं.
केस कापलेले, कान अचानक मोठे.
चॉरवॉनहून रविवारी फोन यायचा:
"लढाई बिढाई काही नाही रे.
बर्फ पडतो, आम्ही बाजूला करतो,
तो परत पडतो.
बूट मोजतो. बत्तीस जोड.
एकतीस भरले की पुन्हा पहिल्यापासून.
नुसती रसद. प्यो सर इथे सुखाने म्हातारे झाले असते."

मग एकदा, जरा हळू आवाजात:
"पहाऱ्यावर बोटं आपोआप हलतात, हातमोज्यात.
वर बघतो.
वाटतं, कोणाची तरी नजर फिरत असेल,
आत्ता दुसरीकडे असेल,
येईल.
परवा पाय बधिर झाले.
शेजारच्या चौकीतला पांग, मला धड ओळखतही नाही,
येऊन म्हणाला, तू मागे जा, शेगडीपाशी बस,
तुझा पहारा मी देतो.
कोणाचा हुकूम नव्हता.
वीस मिनिटं, कोणाच्याच हिशोबात नसलेली."

फोन कटला. तिथे रेंजची बोंबच.

रात्री नव्या पोराशी सराव होता.
सतरा वर्षांचा, बोटं पावसासारखी,
मिनिटाला साडेतीनशे.
त्याचा एक शिपाई माझ्या वेढ्यात सापडला.
लाल. एक काडी.
पोराचं लक्ष नव्हतं,
तो शहाण्यासारखा घर बघत होता.

मी वेढा थोडा सैल केला.
तो निघून गेला, दगडाआड, मग उतारावरून खाली.
मला हरायचाच पगार मिळतो.

बघत बसलो असेन बराच वेळ.
कारण मागून संत्र्याचा वास आला
आणि प्यो सरांनी विचारलं,
"तुझी भट्टी रिकामी का?"