सात नंबरची जागा

संघाच्या कागदावर दहा नावं निळ्या शाईत आहेत,
सातव्या नंबरपुढे पेन्सिलीची रेघ.
फेब्रुवारीपासून ती मी खोडतो, पुन्हा ओढतो.
कागद तिथे इतका विरलाय
की उजेडाला धरला तर पलीकडचं देवळाली दिसेल.

तिथे सिरिल होता. सिरिल पळायचा तेव्हा
उजव्या रेषेवरचा चुना उडायचा,
आणि बचावातली पोरं दोन्ही बाजूंना सरकायची
दाराच्या झडपांसारखी, कुरकुरत.
आता तो दोहाला क्रेन चालवतो.
नाताळला फोन करतो, विचारतो,
"भेटला का रे कोणी?"
मी म्हणतो, भेटतील.
अनेकवचनात बोललं की जरा धीर येतो.

नुसता पळणारा नको. पळणारे या शहरात
पहाटे गोदा पार्कला फुकट मिळतात.
नुसता दांडगाही नको.
असा हवा, की अंगाला अंग भिडलं
तरी चेंडूला पत्ता लागू नये;
जो डीमध्ये घुसताना परवानगी मागत नाही
आणि घुसल्यावर मान वर करून बघतो,
दुसरं कोण मोकळं आहे.
हे शेवटचं शिकवून येत नाही.
निदान मला तरी शिकवता आलेलं नाही.

सातपूरचा एक पाहिला: वारा,
पण डी आली की वारा पडायचा.
ओझरचा पाहिला, खांदे बुलडोझरचे,
पास देताना जीव तुटायचा त्याचा,
जणू चेंडूच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव.
तिसरा रात्रपाळीवरून थेट यायचा,
हातांना कूलंटचा वास,
मध्यंतरात पाण्याच्या ड्रमला टेकून झोपून जायचा.
त्याला मी उठवलं नाही.

पिंपळगावच्या मार्केटला मी गेलो होतो जर्सीचे पैसे मागायला.
आडत्या म्हणाला, लिलाव उरकू द्या.
तेवढ्यात पिकअपच्या दोन रांगांमधून
एक पोरगा आला, टोमॅटोची तीन कॅरेट घेऊन.
एकाला खांद्यानं सारलं, एकाला कमरेनं,
एक टोमॅटो खाली पडला नाही.
आणि मान वर. मान वर होती हो!
पुढची फट कुठे आहे
ते तो आधीच बघून ठेवत होता.
जर्सीचं मी विसरलोच.

हेमराज भोये. पेठकडचा. वय विचारलं
तर आधी हसला, मग आधार कार्ड काढलं.
हॉकी?
"टीव्हीत बघितली. ती काठी वाकडी का असते?"

रविवारी नाशिकरोडच्या मुरमावर
स्टिक हातात दिली आणि माझ्या पोटात खड्डा पडला.
डावखुरा.
डावखुऱ्यांची स्टिक आमच्या खेळात नसतेच.
सपाट बाजू एकच, तीही डावीकडे,
देवानं नाही, नियमानं ठरवलेली.
हे सगळं मी सांगितलं.
तो स्टिक उलटसुलट करून बघत राहिला,
विळ्याची धार पारखावी तशी,
मग हात बदलून म्हणाला, "शिकू."
कोणी शिकायचं, ते बोलला नाही.

आता बुधवारी आणि रविवारी
कॅरेट उतरवून तो साडेचारच्या एसटीनं येतो.
चेंडू अजून तोंड फिरवतो त्याच्यापासून.
काल पहिल्यांदा त्यानं कोपऱ्यातून आत मुसंडी मारली,
दोघं बाजूला सरकले, कुरकुरत,
मान वर,
आणि क्रॉस असा सणसणत गेला
की भिंतीपलीकडे, रेल्वेच्या गवतात.
सगळे हसले. तोही.
मी म्हणालो, थांबा, मी आणतो.

चेंडू लगेच दिसला होता.
तरी मी तिथे बराच वेळ वाकून राहिलो.
खिशात पेन होतं, निळं.
कागद घरी राहिला होता.