दान

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
भट्ट्या गार, लेथवर फडकी पांघरलेली,
आणि श्रेणिकच्या वर्कशॉपच्या माळ्यावर आम्ही चौघं
एका राज्यात शिरतो, जे फक्त माझ्या वहीत आहे.

माझ्यापुढे पडदा: लग्नपत्रिकांच्या खोक्याचा पुठ्ठा,
आतून नकाशे डकवलेले,
बाहेरून अजून कुणाचा तरी शुभविवाह.
त्याच्याआड मी फासा टाकतो, वीस पैलूंचा,
आणि सांगतो काय पडलं ते.
माझ्या सांगण्यावर तिघांचं जगणं-मरणं.

मंगळवार ते रविवार मी मापं घेतो.
मायक्रोमीटरच्या जबड्यात स्पिंडल धरायचा,
दोन शतांश जास्त भरला की लाल खूण.
हात जोडणाऱ्यालाही लाल खूण.
लोखंडाला दया कळत नाही, असं सांगतो त्यांना.
खरं तर मला ती परवडत नाही.

त्या सोमवारी तमन्ना उशिरा आली.
निकाल लागला होता. दोन मार्कांनी गेलं, तिसऱ्यांदा.
कुणी विचारलं नाही. धैर्यशीलनं
भडंगाचा कागद तिच्याकडे सरकवला, कांदा जास्त घालून.

तिची नावाडीण, अडीच वर्षं जगवलेली,
डोहाच्या तळाशी आंधळ्या मगरीपुढे
एका श्वासावर उभी.
मी मगरीचा फासा टाकला.
वीस.
"चार," म्हणालो. "चुकला घाव."
माळा दणाणला, श्रेणिकनं टेबल बडवलं.
तीही हसली. जरा उशिरा.

आमचे आजोबा खासबागेत लढलेले.
त्यांच्या तोंडी एकच शिवी होती: नुरा.
आधी ठरवून लढलेली कुस्ती.
"हरल्याली पाठ मातीत दिसती," म्हणायचे,
"नुरावाला कुठंच दिसत न्हाई."

पण आजोबा, आपली भाषाच जरा लबाड आहे.
फाशाचं पडतं ते दान,
आणि ओंजळीत घालतो तेही दान.
पडलेलं कुठं संपलं, घातलेलं कुठं सुरू झालं,
हे पुठ्ठ्याआड बसून कसं कळावं?

तीन सोमवार गेले.
चौथ्याला कप विसळताना तमन्ना म्हणाली,
"दादा, तुमच्या चष्म्यात फासा दिसतो."
नळ चालूच राहिला.
"मगरीचं असू दे. पण गेल्या दिवाळीत
मी पुलावर एकटीनं अख्खी फौज थोपवली होती.
ते तरी माझं होतं का?"

होतं. आईशपथ, होतं.
त्या रात्री शत्रूचा एकेक आकडा
जसा पडला तसा सांगितला होता मी,
माझेच तळवे ओले झाले होते.
पण आता हे कुठल्या तोंडानं सांगू?
एक वीस गिळला,
आणि मागचे सगळे खरे आकडे
रिजेक्टच्या ट्रेमध्ये जाऊन पडले.

"होतं," एवढंच म्हणालो.
"बरं," म्हणाली ती.
त्या 'बरं'चं माप घेईल असं गेज
माझ्या कपाटात नाही.

काल पुन्हा सोमवार.
रात्रभर घोळत होतं, पडदा काढून टाकावा,
पितळी ताटात उघड्यावर टाकावा फासा,
आवाजासकट.
मग आठवलं, श्रेणिकच्या वडिलांचा रिपोर्ट
याच आठवड्यात यायचाय.
पडदा ठेवला.
चष्मा काढला.

श्रेणिकचा म्हातारा जादूगार कड्याच्या टोकाला.
मी फासा टाकला. मला दिसला
नुसता एक निळा डाग.
"तमन्ना, इकडं ये गं. वाच काय पडलंय."

ती पडद्याआड आली. वाकली.
फासा पाहिला. मग श्रेणिककडे पाहिलं.
आकडा वाचायला लागतो त्याहून
थोडा जास्त वेळ गेला.

"नऊ," म्हणाली.