रुमालाखाली

आरवाडे सर म्हणतात, लक्ष बेंबीवर आणा.
मी आणतो.
तिथं हर्नियाच्या टाक्यांची जुनी शिवण आहे,
रात्रीच्या भडंगाची कुरकुर आहे,
आणि त्याच्या आत, जिथं म्हणे दहा पाकळ्यांचं कमळ,
तिथं मला तरी
बंद शटरमागं असतो तेवढाच अंधार.

विश्रामबागेतल्या या हॉलमध्ये पहाटे साडेपाचला
आम्ही चौदाजण डोळे मिटून बसतो.
विमा कंपनीतल्या कुरण्यांना जांभळा प्रकाश दिसतो,
बहुतेक गुरुवारी.
पोस्टातल्या लठ्ठेबाईंच्या कण्यातून मुंग्या वर चढतात,
रांगेनं.
मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, पिवळं काहीतरी.
खोटं बोललो.
चौतीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर गेली,
दुसरा रंग मला सुचणार कुठून?

सर तालमीतले. कान चुरगळलेले, मान बैलाची.
खोटं त्यांना कळलं असावं.
म्हणाले, बघू नका हो.
बघायचा धंदाच नाही हा.

ते वाक्य सायकलच्या हँडलला लावून घरी आणलं,
दुधाच्या पिशवीशेजारी.
बघायचा धंदा नाही.
आणि फाटकाची कडी काढताना आठवलं,
आमचा तरी कुठं होता?

मी नवा लागलो तेव्हा सौदे रुमालाखाली व्हायचे.
अडत्यानं हात पुढं करायचा, वर रुमाल,
आत खरेदीदाराची बोटं.
बाहेर तोंडं हवापाण्यावर बोलतायत,
पोरांच्या लग्नावर बोलतायत,
आत चार बोटं धरली, सोडली,
एक पेर अर्धं दाबलं.
झाला भाव.
वर्षभर मला काही उमगेना.
आमचे कोले मालक चिडायचे,
अरे बोटं ढिली सोड, मुडद्या,
समोरच्यानं विचारायच्या आधीच
तुझा हात उत्तर देतोय.

तर आता मी बसतो. ढिला.
बेंबी सोडली, भुवयांमधला तो दिवा सोडला,
एकदम तळाशी गेलो,
जिथं बूड सतरंजीला टेकतं.
सर त्याला मूलाधार म्हणतात.
मला ठाऊक आहे ती जागा.
ती माझी हरवलेली आहे.

पुरात, पहाटेच्या वेळी,
सुलोचनाला होडीत आधी बसवलं, मग मी,
खाली पाणी, पाण्याखाली आमची गल्ली,
गल्लीत आमचं ओळखीचं दार.
त्या वेळी खालून जे काढून घेतलं गेलं
ते पाणी ओसरलं तरी परत आलं नाही.
खुर्चीत बसलो तरी मी बसलेला नसायचो.
जेवताना, देवळात, नातवाच्या बारशात,
सगळीकडं थोडा हलत.

मार्गशीर्षातली गोष्ट. थंडी मरणाची.
श्वास खाली सोडत होतो, मोजत नव्हतो,
कुरणे नेहमीसारखे घोरत होते ध्यानात,
आणि तळातून
कुणीतरी माझं एक बोट धरलं.

प्रकाश नाही. मुंग्या नाहीत.
पकड. गरम, कोरडी, व्यवहारातली.
धरलं, थोडं थांबलं,
अर्धं पेर दाबलं.
मी हललो नाही.
पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत, हललो नाही.

नंतर सगळे सतरंज्या झटकत होते.
सर जवळ आले, काय, आज चेहरा वेगळा?
मला शब्द सापडेना.
खिशातून रुमाल काढला,
त्यांच्या त्या राकट पंजावर टाकला,
खाली हात घातला,
एक बोट धरलं, अर्धं पेर दाबलं.

म्हणजे किती, त्यांनी विचारलं.

मी काही बोललो नाही. त्यांनी हात काढला नाही.
बाजूला कुरणे लठ्ठेबाईंना सांगत होते,
आज जांभळा जरा फिकट होता,
ढग असतील.