छापील किमतीहून कमी

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आबा दाढी करतात.
लग्नाला करत नाहीत, डॉक्टरकडे जाताना करत नाहीत,
डिचोलीच्या सवलत बाजारात जायला करतात.
इस्त्रीचा सदरा. खिशात यादी,
वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर, दुकानदारी अक्षरात:
उकडे तांदूळ दहा, तूरडाळ दोन, सोलां, कापूर,
आणि अगदी खाली, खोडून पुन्हा लिहिलेली
क्रीमची बिस्किटं.

पिशव्या घरच्या. तिथे पिशवीचे सात रुपये घेतात
हे आबा पाहुण्यांना कौतुकाने सांगतात,
पोलिसात लागलेल्या नातवाची शिस्त सांगावी तसं.

दाराशी ट्रॉल्यांची रांग. एकीचं चाक कायम रुसलेलं.
आबा तीच घेतात.
म्हणतात, वळखीची आसा.

मग वाचन. चष्मा कपाळावर, पाकीट नाकाशी.
छापील एकशे बेचाळीस, आपली एकशे एकोणतीस.
"आपली" म्हणतात ते.
मालक कोण, कुठल्या शहरात बसतो,
त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही.

लिबोरियो मास्तर पलीकडच्या नव्या मार्टचे.
बसथांब्यावर दोघांची जुंपते.
"थंय तेल चार रुपयांनी सवाय, आबा."
"आसत सवाय. पूण थंय मनीस खंय?"
जसा काही इथे आहे.

पिळगावच्या तिठ्यावर आमचं दुकान होतं.
नऊ बाय सात, दारात मिठाचं पोतं.
खाणीचे ट्रक धावत तेव्हा
साखरेलाही लाल रंग चढायचा
आणि गिऱ्हाईक कुरकुरत नसे, कारण त्याच धुळीतून
पगाराच्या दिवशी वहीतली पानं फाटत.
मग हा बाजार उघडला.
पहिलं वर्षभर लोक पिवळी पिशवी पदराखाली धरून
भाटातल्या वाटेने घरी जायचे,
चिखल तुडवत, आमचं दार चुकवत.
आबा गल्ल्यावरून बघायचे.
म्हणायचे, लाजतात ना? म्हणजे अजून आपलेच आहेत.

नंतर एका संध्याकाळी
शेवंती गावशीण सरळ दारावरून गेली,
दोन्ही हातांत दोन पिवळ्या पिशव्या,
हसून म्हणाली, जेवलात?

त्या रात्री आबांनी तराजू उतरवला.

आता इथल्या फळ्यांपुढे ते उभे राहतात
आणि हात आपोआप चालतात.
जुना माल पुढे, नवा मागे.
आडवा पडलेला साबण उभा.
परवा एका बाईने विचारलं, "काका, राजगिरा कुठे?"
आबांनी तिला नेलं, दाखवला,
वर सांगितलं, "या खेपेचा नको, कडवट लागतो."
युनिफॉर्मातला पोरगा बघतच राहिला.
डाळीचं किलोचं पाकीट तळहातावर तोलून ते म्हणाले, कमी आहे.
भाजीच्या काट्यावर ठेवलं. एक किलो चार ग्रॅम.
"पिशवीचं वजन," ते म्हणाले,
आणि बराच वेळ गप्प राहिले.

काउंटरवरची मुलगी सत्तरीकडची. छातीवर बिल्ला, समीक्षा माजीक.
"आजोबा, बाराशे सत्तर पॉइंट जमलेत. वजा करू?"
दर महिन्याला ती विचारते.
दर महिन्याला आबा हात हलवतात,
"नाका. आसूं दी."
मी एकदा वैतागून म्हटलं, आबा, ते आपलेच पैसे आहेत,
मार्चनंतर बुडतील.
ते म्हणाले, बुडूदेत.
लाल वहीतले काय कमी बुडाले?
पण वही होती तोवर
वाटेत भेटलेला माणूस थांबायचा.

परतीच्या बसमध्ये मांडीवर बिल.
ओठ हलतात, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरतो.
माशेलची बस ओव्हरटेक करते, कंडक्टर ओरडतो,
आबांना ऐकू येत नाही.
मशीनची बेरीज बरोबर निघते.
ते बिलाची चौघडी करतात, खिशात सारतात,
आणि मला न विचारता
बिस्किटांचा पुडा फोडतात.