सॅम्पल फ्लॅट

रविवारी आम्ही घरं बघायला जातो,
जसे इतर लोक सोमेश्वरला कणीस खायला जातात.
नितेश इस्त्रीचा शर्ट घालतो,
मी कानातले, जुईला बूट.
कपडे साधे असले की चहा विचारत नाहीत,
हे आम्हाला पाथर्डी फाट्यावर कळलं.

या वेळी मखमलाबादच्या पुढे.
मागच्या छाटणीपर्यंत इथे द्राक्षबाग होती.
कोपऱ्यात अजून चार लोखंडी अँगल उभे,
तारेला वाळकी वेल,
आणि गेटवरच्या बोर्डावर घड,
हिरवागार, माणसाएवढा.

गळ्यात पट्टा घातलेली मुलगी दार उघडते.
वृषाली गांगुर्डे.
"टू बीएचके, सर. कार्पेट सहाशे दहा."
नितेश मान डोलावतो.
तो अंबडला सीएनसीवर असतो,
केसाएवढा फरक त्याच्या बोटांना कळतो.
बेडरूममध्ये तो थांबतो, मुकाट्याने
पलंगाच्या कडेला वीत लावत जातो,
आणि माझ्या कानाशी येऊन म्हणतो,
पाच फूट दोन इंच.
पलंग कापलाय गं,
म्हणून खोली मोठी वाटते.

टीव्ही पुठ्ठ्याचा.
सफरचंदं प्लॅस्टिकची.
नळ सोडला तर नुसता सुस्कारा.
भिंतीवर फ्रेममधलं कुठलंसं गोरं कुटुंब हसतंय,
मी फ्रेम जरा सरकवून मागे बघितलं:
खिळा होता. खराखुरा.
आमच्या सिडकोतल्या खोलीत खिळा मारायचा नाही,
तसं करारात लिहिलंय.
साडेआठ हजार, लाईट वेगळं, पाणी एक दिवसाआड,
करार अकरा महिन्यांचा.
बारावा महिना कुठे जातो कोण जाणे.
सात वर्षांत चार घरं झाली.
गॅसच्या पुस्तकावर एक पत्ता, आधारवर दुसरा,
जुईच्या शाळेत तिसराच,
आणि रेशन कार्ड अजून सटाण्यात सासऱ्यांच्या ट्रंकेत.

आता कुंभ येतोय.
घरमालक काका माणूस वाईट नाही,
जिन्यात उभं राहून सरळ बोलले,
"तुमच्या वर्षभराचं भाडं मला तेवढ्या दिवसांत सुटेल.
आता तुम्हीच सांगा."
आम्ही काय सांगणार.
बारा वर्षांनी देव येणार, आणि जागा
आम्ही करून द्यायची.

"मॅडम, बजेट किती आहे?"
या प्रश्नाला मी आधी हसून घेते.
मग एक आकडा सांगते,
जो नितेशने कधी ऐकलेला नसतो.
ती लिहून घेते. पार्किंग, जीएसटी, क्लबहाउस...
लिहिता लिहिता थांबून विचारते,
"छोटी कुठंय?"

छोटी आत.
बूट काढून, जोडून, दाराशी ठेवलेले,
कुणीही न सांगता.
पाच फूट दोन इंच पलंगावर
ती आरामात मावलीय,
पायाशी फूटभर जागा उरलीय,
तोंड उघडं. गाढ.

मी उठवायला वाकले
तर वृषालीने ओठांवर बोट ठेवलं.
एसी जरा कमी केला, दार लोटलं.
"पुढची पार्टी साडेपाचला आहे."
मग कुणाला न विचारता सोफ्यावर बसली,
सँडलमधून पाय काढला, टाच चोळत राहिली.
"मी म्हसरूळला राहते. कॉट बेसिसवर, पाच जणी.
सर साइटवर नसले ना, तर दुपारी कधी मी पण..."
तिने आतल्या दाराकडे बघितलं.
"गुडघे पोटाशी घ्यावे लागतात फक्त."

नितेश काहीतरी बोलला, पलंगाबद्दलच असावं,
ती हसली, हात तोंडावर दाबून.
चहा आला. कागदी कप,
तळाशी साखर राहिलेली.
पंचवीस मिनिटं
आम्ही तिघं त्या हॉलमध्ये दबक्या आवाजात बोललो,
कांदे, तिचा भाऊ, सिटीलिंकच्या बसा,
आत मूल झोपलं असलं की घरात बोलतात तसं.

साडेपाचला खाली हॉर्न वाजला.
जुई माझ्या खांद्यावर, बूट नितेशच्या हातात.
जिन्यातून वळून बघितलं तर
वृषाली चादरीवरचा खोलगट भाग
तळहाताने
सपाट करत होती.